विमानाचा दरवाजा किती वाजता उघडला?

गेल्या वर्षी मी आणि आई युरोपातून परत येत होतो. तिकीट एकच होते, विमाने दोन होती. पहिले दोन तासांचे आणि दुसरे रात्रभराचे. पहिल्या विमानात सगळे जण पट्टे लावून बसल्यावर वैमानिकाने सांगितले की एका सेन्सरकडून चुकीचा इशारा येत आहे आणि तंत्रज्ञांना बोलावले आहे. ते विमान दोन तास दहा मिनिटे उशिरा पोहोचले. मधल्या विमानतळावर उतरून आईचा हात धरून मी पुढच्या गेटपाशी धावत गेले, तेव्हा काचेपलीकडे आमचे विमान गेटपासून मागे सरकू लागले होते. आम्हांला दुसऱ्या दिवशी सकाळच्या विमानात जागा मिळाली आणि शेवटच्या मुक्कामी आम्ही ठरलेल्या वेळेपेक्षा अकरा तास बेचाळीस मिनिटे उशिरा पोहोचलो.

बेचाळीस हा आकडा मी अंदाजाने लिहिलेला नाही. विमान थांबून दरवाजा उघडल्याबरोबर मी भावाला ‘दार उघडलं, उतरतोय’ एवढाच संदेश पाठवला होता आणि त्या संदेशाखाली सायंकाळचे ७ वाजून ५२ मिनिटे अशी वेळ आहे. तिकिटावरची वेळ सकाळची ८ वाजून १० मिनिटे होती. त्या संदेशाचा पुढे उपयोग होईल, हे पाठवताना माझ्या मनातही नव्हते.

त्या उशिरासाठी विमान कंपनीकडे केलेला नुकसानभरपाईचा दावा शेवटास नेल्यानंतर माझे मत असे झाले आहे की सगळा निकाल दोन गोष्टींवर ठरतो: शेवटच्या मुक्कामी विमानाचा दरवाजा नेमका किती वाजता उघडला, आणि उशिराचे खरे कारण काय होते. पहिली गोष्ट प्रवाशाने टिपून ठेवायची असते, दुसरी कंपनीने सिद्ध करायची असते. ही वाटणी बहुतेक प्रवाशांना ठाऊक नसते, आणि म्हणूनच कंपनीचा पहिला नकार आला की ते प्रकरण सोडून देतात.

आम्हांला लागू होणारा कायदा म्हणजे युरोपीय महासंघाचा नियम क्रमांक २६१/२००४. तो फेब्रुवारी २००५ पासून अमलात आहे. महासंघातल्या विमानतळावरून सुटणाऱ्या प्रत्येक विमानाला तो लागू होतो, मग कंपनी कोणत्याही देशाची असो. महासंघाबाहेरून आत येणाऱ्या विमानाला मात्र कंपनी महासंघातली असेल तरच लागू होतो. प्रवाशाचे नागरिकत्व विचारले जात नाही आणि तिकीट स्वस्तात घेतले की महागात, यानेही रकमेत फरक पडत नाही. १,५०० किलोमीटरपर्यंतच्या प्रवासाला २५० युरो, त्याहून लांबच्या पण महासंघांतर्गत प्रवासाला आणि ३,५०० किलोमीटरपर्यंतच्या इतर प्रवासाला ४०० युरो, आणि त्यापलीकडे ६०० युरो, तेही प्रत्येक प्रवाशाला स्वतंत्रपणे. अंतर मोजताना विमान कुठून वळसा घेऊन गेले हे पाहत नाहीत. प्रवासाचा आरंभ आणि शेवटचा मुक्काम यांच्यातले थेट अंतर धरतात.

या नियमाची एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. त्याच्या मूळ मजकुरात निव्वळ उशिरासाठी रोख भरपाई नव्हतीच. ती विमान रद्द झाल्यास किंवा प्रवाशाला चढू न दिल्यास होती. नोव्हेंबर २००९ मध्ये स्टर्जन खटल्यात युरोपीय न्यायालयाने असे ठरवले की तीन तास किंवा त्याहून अधिक उशिरा पोहोचणाऱ्या प्रवाशाचा वेळ रद्द झालेल्या विमानाच्या प्रवाशाइतकाच वाया जातो, तेव्हा दोघांना वेगळी वागणूक देता येणार नाही. विमान कंपन्यांना हा निर्णय मान्य नव्हता; तो प्रश्न पुन्हा न्यायालयापुढे गेला आणि २०१२ मध्ये न्यायालयाने तोच निर्णय कायम केला. आज उशिरासाठी ज्याला भरपाई मिळते, त्याला ती या निर्णयामुळे मिळते.

तीन तास कधीपासून कधीपर्यंत मोजायचे, यावरही खटला झाला. साल्झबुर्गहून कोलोन-बॉनला जाणारे एक विमान दुपारी २ वाजून ४० मिनिटांनी पोहोचायचे होते. त्याची चाके ५ वाजून ३८ मिनिटांनी धावपट्टीला टेकली, म्हणजे उशीर दोन तास अठ्ठावन्न मिनिटांचा. ते जागेवर उभे राहिले ५ वाजून ४३ मिनिटांनी, म्हणजे तीन तास तीन मिनिटांनी, आणि दरवाजे त्यानंतर उघडले. सप्टेंबर २०१४ मध्ये न्यायालयाने सांगितले की किमान एक दरवाजा उघडून प्रवाशांना उतरण्याची मुभा मिळते, तीच पोहोचण्याची वेळ. त्यामागचे कारण मला मनापासून पटते: दरवाजा उघडेपर्यंत माणूस बंद जागेत अडकलेला असतो, त्याला कामाला लागता येत नाही, हवे तसे कुणाशी बोलता येत नाही. कंपनीच्या नोंदीत अनेकदा चाके टेकल्याची वेळ असते. म्हणून दरवाजा उघडताच घड्याळ पाहावे आणि ती वेळ कुणाला तरी लिहून पाठवावी. पाठवलेल्या संदेशावर वेळेची नोंद आपोआप राहते.

घरी आल्यावर मी कंपनीच्या अर्जात सगळी माहिती भरली. तीन आठवड्यांनी उत्तर आले. त्यात दोन कारणे होती. पहिले असे की आमचे पहिले विमान केवळ दोन तास दहा मिनिटे उशिरा पोहोचले, त्यामुळे तीन तासांची अट पूर्ण होत नाही. दुसरे असे की उशीर ‘आमच्या नियंत्रणाबाहेरील तांत्रिक कारणामुळे’ झाला. शेवटी एका कूपनाचा प्रस्ताव होता, पुढच्या प्रवासात वापरण्याजोग्या, आणि त्याखाली स्वीकारण्याचे बटण. आई म्हणाली, “अगं, काहीतरी देतायत, घेऊन टाक.” तिचे म्हणणे चुकीचे नव्हते, दमलेल्या माणसाला काहीतरी मिळणे पुरेसे वाटते. पण नियमानुसार भरपाई रोख किंवा बँकेत द्यावी लागते, आणि कूपनाच्या रूपात द्यायची तर प्रवाशाची सही असलेली संमती लागते. मी बटण दाबले नाही.

पहिल्या कारणाचे उत्तर मला एका जुन्या निर्णयात मिळाले आणि तो वाचताना मला आमचीच हकिगत वाचल्यासारखे वाटले. एक प्रवासी ब्रेमेनहून पॅरिस आणि साओ पाउलोमार्गे पॅराग्वेतील असुन्सियोनला निघाली होती. ब्रेमेनहून विमान सुमारे अडीच तास उशिरा सुटले, पॅरिसचे पुढचे विमान चुकले आणि ती अकरा तास उशिरा पोहोचली. फेब्रुवारी २०१३ मध्ये फोल्कर्ट्स नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या खटल्यात न्यायालयाने ठरवले की एकाच तिकिटावर पुढची विमाने असतील तर उशीर शेवटच्या मुक्कामी मोजायचा. पहिला टप्पा किती उशिरा सुटला याला महत्त्व नाही. यात ‘एकाच तिकिटावर’ हे शब्द कळीचे आहेत. चार पैसे वाचवण्यासाठी दोन वेगवेगळी तिकिटे जोडून प्रवास आखला असेल, तर हा आधार मिळत नाही आणि चुकलेल्या दुसऱ्या विमानाचा भार प्रवाशावरच येतो.

दुसऱ्या कारणावर मला थोडे सविस्तर लिहायचे आहे, कारण बहुतेक दावे इथेच अडकतात. असाधारण परिस्थितीमुळे उशीर झाला असेल आणि सर्व वाजवी उपाय करूनही तो टळला नसता, तर कंपनीला भरपाई द्यावी लागत नाही. पण ही दोन्ही अंगे कंपनीने सिद्ध करायची आहेत. ‘तांत्रिक कारण’ हा शब्द उच्चारल्याने काहीच सिद्ध होत नाही. डिसेंबर २००८ मध्ये वॉलेंटिन-हर्मान खटल्यात न्यायालयाने सांगितले की विमानात बिघाड होणे हा विमान चालवण्याच्या व्यवसायाचा नेहमीचा भाग आहे. २०१५ मध्ये इक्वेडोरमधल्या कीटोहून ॲम्स्टरडॅमला येणाऱ्या विमानाचे प्रकरण आले: इंधनाचा पंप आणि आणखी एक भाग अचानक निकामी झाला, सुटे भाग ॲम्स्टरडॅमहून विमानाने आणावे लागले आणि उशीर २९ तासांचा झाला. भाग त्यांच्या सरासरी आयुष्याआधीच बिघडले, असे कंपनीचे म्हणणे होते. तरीही न्यायालयाने ती परिस्थिती असाधारण मानली नाही. उत्पादनातला लपलेला दोष कारखान्याने जाहीर केला किंवा कुणी घातपात केला, तर गोष्ट वेगळी.

सगळे निर्णय प्रवाशाच्या बाजूने लागले आहेत, असेही नाही. २०१७ मध्ये पक्ष्याची धडक ही असाधारण परिस्थिती ठरली. वादळ, हवाई वाहतूक नियंत्रणाने लादलेले निर्बंध, विमानतळ बंद होणे यांत भरपाई मिळत नाही, आणि ती मागूही नये असे मला वाटते. दाट धुक्यात विमान न उडवणाऱ्या कंपनीने आपले काम बरोबरच केलेले असते. कंपनीच्याच कर्मचाऱ्यांचा संप मात्र तिच्या व्यवहाराचा भाग मानला जातो. तसे निर्णय २०१८ आणि २०२१ मध्ये झाले आहेत.

एक निर्णय वाचून मी बराच वेळ विचार करत राहिले. जुलै २०१९ मध्ये स्टुटगार्टहून लिस्बनला जाणाऱ्या पहाटेच्या विमानाचा सहवैमानिक हॉटेलातल्या खोलीत मृतावस्थेत आढळला. बाकीच्या कर्मचाऱ्यांना धक्का बसला, त्यांनी आपण काम करण्याच्या स्थितीत नाही असे सांगितले आणि विमान रद्द झाले. मे २०२३ मध्ये न्यायालयाने निर्णय दिला की कर्मचारी आजारी पडणे किंवा त्याचा अनपेक्षित मृत्यू होणे, हे कितीही दुःखद असले तरी कंपनीच्या नेहमीच्या कामकाजातच येते, म्हणून भरपाई द्यावी लागेल. त्या सहकाऱ्यांच्या जागी मी असते तर मीही विमानात चढू शकले नसते. तरी निर्णय मला योग्य वाटतो, कारण तो त्या माणसांना दोष देत नाही. अशा प्रसंगाचा आर्थिक भार कुणी उचलायचा एवढेच ठरवतो, आणि तो कंपनीने उचलावा हे प्रवाशाने उचलण्यापेक्षा न्याय्य आहे.

कंपनीला पाठवलेल्या दुसऱ्या पत्रात मी रागाचा एकही शब्द लिहिला नाही. तिकिटाचा क्रमांक, दोन्ही विमानांचे क्रमांक, तारीख, ठरलेली वेळ आणि दरवाजा उघडल्याची वेळ लिहिली. मग चार प्रश्न विचारले: विमानाचा नेमका कोणता भाग बिघडला, बिघाड केव्हा लक्षात आला, ही परिस्थिती आपण असाधारण का मानता, आणि पुढचे विमान चुकू नये म्हणून आपण कोणते उपाय केले. प्रत्येकी ६०० युरो बँक खात्यात जमा करावेत अशी मागणी करून सहा आठवड्यांची मुदत दिली आणि त्यानंतर संबंधित देशाच्या देखरेख यंत्रणेकडे जाईन असे कळवले. महासंघातल्या प्रत्येक देशाने या नियमासाठी अशी यंत्रणा नेमलेली असते आणि विमान जिथून सुटले त्या देशाच्या यंत्रणेकडे तक्रार करायची असते.

कागदपत्रांचे श्रेय आईला आहे. तिला कोणताही कागद टाकवत नाही. बोर्डिंग पासचे चारही अर्धे तुकडे, नव्या विमानाच्या चिठ्ठ्या, हॉटेलसाठी काउंटरवरून मिळालेला कागद, ज्याच्या कोपऱ्यावर तिथल्या कर्मचाऱ्याने पेनाने ‘टेक्निकल’ असे लिहून वेळ टाकली होती, हे सगळे तिने पर्सच्या आतल्या कप्प्यात घडी करून ठेवले होते. त्या एका शब्दाला मी फार महत्त्व देते. घटनास्थळी, घटनेच्या वेळी, कंपनीच्याच माणसाने लिहिलेले कारण नंतर बदलणे अवघड जाते. असा कागद मिळत नसेल तर काउंटरवर शांतपणे कारण विचारावे, उत्तर देणाऱ्याचे शब्द आणि वेळ टिपून ठेवावी आणि उशीर दाखवणाऱ्या फलकाचा फोटो घ्यावा.

रोख भरपाई, तिकिटाचा परतावा आणि ताटकळत असतानाची सोय, या तीन वेगळ्या गोष्टी आहेत आणि कंपन्यांच्या उत्तरात त्यांची सरमिसळ होते. जेवण, हॉटेल आणि हॉटेलपर्यंतचे वाहन ही सोय कारण काहीही असले तरी द्यावी लागते. एप्रिल २०१० मध्ये आइसलँडमधल्या ज्वालामुखीच्या राखेने युरोपचे आकाश बंद झाले, तेव्हा पोर्तुगालमधल्या फारो येथे अडकलेल्या एका प्रवाशाचा सुमारे १,१३० युरो खर्च झाला. राख ही कुणाचीच चूक नव्हती. तरीही २०१३ मध्ये न्यायालयाने सांगितले की आवश्यक आणि वाजवी खर्च कंपनीने द्यायलाच हवा. तेव्हा कंपनी सोय करत नसेल तर स्वतः साधे हॉटेल घ्यावे आणि प्रत्येक पावती जपावी. विमान रद्द झाले किंवा सुटण्यास पाच तास किंवा त्याहून अधिक उशीर झाला आणि प्रवासच नको असेल, तर परतावा सात दिवसांत मिळायला हवा. रद्द झाल्याचे चौदा दिवस आधी कळवले तर रोख भरपाई नाही, पण कळवल्याचा पुरावा पुन्हा कंपनीनेच द्यायचा असतो. ॲम्स्टरडॅमहून सुरिनाममधल्या पारामारिबोला जाणाऱ्या विमानाच्या प्रकरणात कंपनीने तिकीट विकणाऱ्या मध्यस्थाला वेळेत कळवले होते, मध्यस्थाने प्रवाशाला दहा दिवस आधी सांगितले, आणि २०१७ मध्ये जबाबदारी कंपनीवरच आली.

हा नियम लागू नसतो तिथे चित्र बदलते. ब्रिटनने महासंघ सोडताना हाच नियम आपल्या कायद्यात ठेवला, रकमा २२०, ३५० आणि ५२० पौंड अशा केल्या. कॅनडात मोठ्या कंपन्यांना तीन, सहा आणि नऊ तासांच्या उशिरासाठी ४००, ७०० आणि १,००० डॉलर द्यावे लागतात, पण सुरक्षेसाठी आवश्यक ठरलेला उशीर त्यातून वगळला आहे; म्हणजे आमच्यासारखा सेन्सरचा बिघाड तिथे कदाचित भरपाईत बसला नसता. अमेरिकेत उशिरासाठी रोख भरपाईची सक्ती नाही. तिथे २०२४ च्या नियमाने देशांतर्गत तीन आणि आंतरराष्ट्रीय सहा तासांपलीकडे प्रवास नाकारणाऱ्याला परताव्याचा हक्क दिला. भारताच्या नियमांत आयत्या वेळी रद्द झालेल्या विमानासाठी प्रवासाच्या कालावधीनुसार ५,०००, ७,५०० किंवा १०,००० रुपये, अथवा मूळ भाडे अधिक इंधन आकार, यांतली कमी असेल ती रक्कम ठरवली आहे. उशिरासाठी मात्र खाणेपिणे, आणि सहा तासांपलीकडे पर्यायी विमान किंवा परतावा. याशिवाय १९९९ चा माँट्रियल करार आहे. त्याखाली उशिरामुळे झालेले प्रत्यक्ष नुकसान मागता येते, पण ते पावत्यांनिशी दाखवावे लागते आणि दोन वर्षांच्या आत दावा लावावा लागतो.

मुदतीकडे दुर्लक्ष करू नये. युरोपीय नियमात स्वतःची मुदत नाही, ती त्या त्या देशाच्या कायद्याने ठरते: बेल्जियममध्ये एक वर्ष, जर्मनीत प्रवासाचे वर्ष संपल्यापासून तीन वर्षे, फ्रान्समध्ये पाच, इंग्लंडमध्ये सहा. दावे चालवून देणाऱ्या कंपन्या मिळालेल्या रकमेतला मोठा वाटा घेतात. प्रकरण न्यायालयापर्यंत गेले आणि भाषा परकी असेल तर त्यांची मदत योग्य आहे. पण पहिली दोन पत्रे लिहिण्यासाठी त्यांची गरज नाही, आणि त्या दोन पत्रांवर पैसे मिळण्याची शक्यता बरीच असते.

माझ्या दुसऱ्या पत्राला उत्तरच आले नाही. मुदत संपल्यावर मी देखरेख यंत्रणेकडे तक्रार केली, तिची पोच कंपनीला पाठवली, आणि त्यानंतर पाचव्या आठवड्यात कोणतेही स्पष्टीकरण न देता १,२०० युरो माझ्या खात्यात जमा झाले. चार प्रश्नांपैकी एकाचेही उत्तर मला आजवर मिळालेले नाही.

त्या रात्री हॉटेलच्या रांगेत आमच्यामागे एक काकू उभ्या होत्या. त्यांनी आणि आईने एकमेकींचे नंबर घेतले होते. पैसे आल्याचे आईने त्यांना कळवले, तेव्हा समजले की त्यांनी ते कूपन स्वीकारले होते. आपल्याला दुसरे काही मिळू शकते, हे त्यांना कुणी सांगितलेच नव्हते. नियमाचे पंधरावे कलम अशाच प्रवाशांसाठी आहे: हक्कांची योग्य माहिती न मिळाल्यामुळे कमी भरपाई घेतली असेल, तर उरलेल्या रकमेसाठी दाद मागण्याचा अधिकार राहतो. कूपनाच्या त्या पानाचे छायाचित्र त्यांच्याकडे होते आणि त्यावर ६०० युरोंचा उल्लेख कुठेही नव्हता. मागच्या आठवड्यात मी त्यांच्या वतीने पत्र लिहून दिले. दरवाजा उघडल्याच्या वेळेसाठी भावाला पाठवलेला माझा तोच संदेश जोडला. दुसऱ्या दिवशी त्या आमच्याच विमानात होत्या.